कात्रीला आवर

जिवाणू जिवंत राहतो तो त्याच्या भिंतीमुळे. पेशीच्या आत क्षार, अमिनो आम्लं, प्रथिनं इतकी दाटलेली असतात की बाहेरचं पाणी सतत आत घुसू पाहतं आणि आतला दाब वाढत राहतो. पेशीभोवतीचं पातळ स्निग्ध पटल हा ताण एकट्यानं झेलू शकत नाही. तो झेलते पटलाबाहेरची पेप्टिडोग्लायकनची भिंत. ई. कोलाय या जिवाणूत तिची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले मोजके काही. एवढ्याशा जाळीत मोठं भगदाड पडलं की पटल तिथून फुगून बाहेर येतं आणि पाहता पाहता पेशी फुटते.

१९६४ साली वाइडेल आणि पेल्झर या जर्मन शास्त्रज्ञांनी या भिंतीबद्दल एक विलक्षण गोष्ट मांडली. पेशीला चहूबाजूंनी वेढणारी ही संपूर्ण जाळी म्हणजे एकच अखंड रेणू आहे, पिशवीच्या आकाराचा. तिला कुठेही शिवण नाही, दार नाही, फट नाही. आणि अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे वीस मिनिटांत ही अखंड पिशवी दुप्पट लांब व्हायला हवी, मधोमध आवळून तिच्या दोन पिशव्या व्हायला हव्यात आणि या सगळ्या खटाटोपात ती एकदाही फाटता कामा नये. अंगात घट्ट बसलेला सदरा न उतरवता, धावता धावता तो उसवायचा आणि त्यात नवं कापड जोडत जायचं, तसं हे काम आहे. नवं काही आत घालायचं तर जुनं कापावंच लागतं.

हे कापणं किती गरजेचं आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या डॉ. मंजुला रेड्डी यांच्या गटानं २०१२ साली दाखवून दिलं. ई. कोलायमध्ये भिंतीचे आडवे दुवे तोडणारे जे एन्झाइम आहेत, त्यांतले तीन इथे महत्त्वाचे. यातला एखादा काढून टाकला तर जिवाणू तग धरतो. तिन्ही गेले की मात्र नव्या धाग्यांना जाळीत शिरायला जागाच मिळत नाही. पेशी आतून वाढत राहते, भिंत वाढत नाही आणि शेवटी पेशी फुटते. भिंत मोडणारे एन्झाइम नसल्यामुळे भिंत मोडते, असा हा निष्कर्ष आहे. पुढे २०१९ साली रेड्डी यांना जीवशास्त्रासाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला तो भिंतीवरच्या याच प्रकारच्या मूलभूत कामासाठी.

माझं रोजचं काम अशा कापणाऱ्या एन्झाइमांची रचना शोधण्याचं. प्रथिन बनवायचं, त्याचा स्फटिक वाढवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि अणूंच्या जागा नकाशावर मांडायच्या. या कामात एक गोष्ट मनावर ठसत गेली आहे. या रेणूंमध्ये कापण्याची सोय अगदी थोड्या जागेत असते. उरलेली बरीचशी घडण असते ती कधी कापायचं, कुठे कापायचं आणि मुख्य म्हणजे कधी कापायचं नाही, हे ठरवण्यासाठी. कात्री समजायची असेल तर तिचं पातं पाहून भागत नाही. तिला आवर कसा घातला आहे, ते पाहावं लागतं.

आधी ही भिंत थोडी जवळून पाहू. जाळीचे लांब धागे दोन साखरांचे बनलेले असतात. एन-असेटिलग्लुकोसामाइन आणि एन-असेटिलम्युरामिक आम्ल, आळीपाळीनं. म्युरामिक आम्लाला मोजक्या अमिनो आम्लांची एक छोटी शेपटी असते. शेजारशेजारच्या धाग्यांच्या शेपट्या एकमेकींना जोडल्या गेल्या की जाळी तयार होते. आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांच्या एल रूपापासून बनतात. या शेपट्यांमध्ये मात्र डी रूपातली अमिनो आम्लंही असतात, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी. त्यामुळे प्रथिनं पचवणाऱ्या सर्वसाधारण एन्झाइमांची इथे डाळ शिजत नाही. भिंत कापायची तर खास त्याच कामासाठी घडलेला एन्झाइम लागतो.

असे एन्झाइम तीन ठिकाणी घाव घालतात. काही साखरेचा धागा तोडतात. आपल्या अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात असणारा लायसोझाइम हा याच प्रकारचा, आणि जिवाणूंचे स्वतःचे लायटिक ट्रान्सग्लायकोसिलेजही याच प्रकारचे. काही एन्झाइम दोन शेपट्यांमधला दुवा तोडतात. रेड्डी यांच्या गटानं अभ्यासलेले ते हेच. तिसरे अमिडेज. ते शेपटी मुळापासून, म्हणजे म्युरामिक आम्लापासूनच वेगळी करतात. आमच्या टेबलावर असतात ते हे अमिडेज.

पेशी दुभंगताना दोन्ही लेकी मध्ये एकाच सामाईक भिंतीनं जोडलेल्या असतात. ती भिंत उभी चिरून दोघींना वेगळं करायचं काम मुख्यतः अमिडेजचं. ई. कोलायचे अ‍ॅमी-ए, अ‍ॅमी-बी आणि अ‍ॅमी-सी हे तिन्ही अमिडेज काढून टाकले तर पेशी मरत नाहीत, पण सुट्याही होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लांबच लांब माळा दिसतात. आत सगळं विभागून झालेलं असतं, फक्त शेवटचा काप राहिलेला असतो.

असा एन्झाइम अभ्यासायला पुरेसा मिळवायचा तर तो दुसऱ्या कुणाकडून तरी बनवून घ्यावा लागतो आणि ते काम आम्ही ई. कोलायकडूनच करून घेतो. भिंत कापणारा एन्झाइम भरमसाट बनवूनही तो जिवाणू फुटत का नाही, हा प्रश्न नव्यानं आलेला प्रत्येक विद्यार्थी विचारतो. उत्तर जागेत आहे. भिंत असते आतल्या पटलाच्या बाहेर. एन्झाइमच्या सुरुवातीला एक छोटासा तुकडा असतो, त्याला बाहेर पाठवण्याचा पत्ता म्हणा. आम्ही जनुकातून तेवढा पत्ता काढून टाकतो. मग एन्झाइम पेशीच्या आतच साठत राहतो, भिंतीपर्यंत पोचतच नाही. निसर्गानं घातलेला पहिला आवर हाच आहे. कापणारा आणि कापला जाणारा यांच्यामध्ये एक पटल असतं आणि ते ओलांडायला परवाना लागतो.

कल्चर ३७ अंशांवर गढूळ होईपर्यंत वाढवायचं, मग तापमान १८ पर्यंत उतरवायचं, जनुक चालू करणारं आयपीटीजी घालायचं आणि रात्रभर शेकरवर ठेवायचं. थंडीत प्रथिन सावकाश बनतं आणि नीट घडी घेतं. सकाळी सेंट्रिफ्यूज केलं की बाटलीच्या तळाशी पेशींचा फिकट पिवळसर गोळा बसतो. तो बफरमध्ये कालवून बर्फात ठेवायचा आणि पेशी फोडायच्या. फोडताना आम्ही त्यात चिमूटभर लायसोझाइम घालतो, अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढलेला. भिंत कापणारा एक एन्झाइम बाहेर काढण्यासाठी भिंत कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमची मदत.

इथे एक पथ्य पाळावं लागतं. ई. कोलायला भिंतीच्या बाहेर आणखी एक पटल असतं आणि ते सैल करायला अनेक प्रयोगशाळांत ईडीटीए वापरतात. आमचे अमिडेज मात्र जस्ताच्या एका आयनावर चालतात. ईडीटीए धातूंना घट्ट धरून काढून घेतं. ते घातलं तर एन्झाइमचं काळीजच काढून घेतल्यासारखं होईल. म्हणून आम्ही गोठवणं, वितळवणं आणि सोनिकेशन यांवर भागवतो. सोनिकेटरचा दांडा बुडवला की कर्कश आवाज सुरू होतो. काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, म्हणजे नमुना तापत नाही. दुधाळ, चिकट द्रव हळूहळू पातळ आणि पारदर्शक होत जातो. त्यावरूनच कळतं की पेशी फुटल्या आणि डीएनएचे धागेही तुटले.

पुढे निकेलचा कॉलम. प्रथिनाच्या एका टोकाला आम्ही हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते, ती निकेलला चिकटते. बाकीची हजारो प्रथिनं वाहून जातात. मग इमिडाझोल सोडून आपलं प्रथिन सोडवून घ्यायचं, शेपटी कापून टाकायची, आणि शेवटी आकारमानानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवरून न्यायचं. जेल चालवून कुमासी निळ्यानं रंगवली की प्रत्येक रकान्यात एकच पट्टा दिसायला हवा. दुसरा पट्टा पुसटसा जरी दिसला, तरी आम्ही पुढे जात नाही. स्फटिक वाढायला लाखो-कोटी रेणू एकसारखे असावे लागतात.

स्फटिकाकडे जाण्याआधी एन्झाइम जिवंत आहे की नाही, हे तपासतो. ही चाचणी मला या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत बोलकी वाटते. ई. कोलायच्या पेशी एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळल्या की पटलं, प्रथिनं, सगळं विरघळून जातं. मागे उरतात फक्त भिंतींच्या रिकाम्या पिशव्या, वाइडेल आणि पेल्झर यांनी वर्णन केलेल्या. त्या धुऊन घ्यायच्या आणि रेमॅझॉल ब्रिलियंट ब्लू या कापड रंगवायच्या रंगात मुरवायच्या. रंग भिंतीला पक्का चिकटतो. आता या निळ्या पिशव्या नळीत घेऊन फिरवल्या तर सगळ्या तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. एखाद्यानं भिंत कापली, तरच सुटलेले रंगीत तुकडे पाण्यात येतात आणि पाणी निळं होतं.

एका नळीत मी फक्त अ‍ॅमी-बी घालते. दुसरीत अ‍ॅमी-बीबरोबर एन्व्ह-सी नावाच्या प्रथिनाचा शेवटचा भाग. दोन्ही नळ्या ३७ अंशांवर ठेवून नंतर सेंट्रिफ्यूज करायच्या. पहिल्या नळीतलं पाणी जवळजवळ नितळच राहतं, निळा गाळ तळाशी तसाच. दुसऱ्या नळीतलं पाणी निळं झालेलं असतं. एन्झाइम तोच, तेवढाच, भिंतही तीच. शुद्ध, निर्दोष अमिडेज भिंतीत बुडवून ठेवला तरी तो स्वतःहून फारसं कापत नाही. त्याला कुणीतरी मोकळं करावं लागतं. असं का होतं, याचं उत्तर रचनेत आहे आणि रचनेसाठी स्फटिक हवा.

प्रथिनाचा स्फटिक वाढवणं हा बराचसा धीराचा आणि थोडा हाताचा भाग आहे. पद्धत सांगायला सोपी. चोवीस खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात थोडं द्रावण भरायचं: पीईजी किंवा अमोनियम सल्फेट, एखादा बफर, एखादा क्षार. काचेच्या छोट्या गोल तुकड्यावर एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर तेच द्रावण यांचा थेंब करायचा, काच उलटी करून ग्रीस लावलेल्या कडेवर दाबून बसवायची. थेंब खाली लोंबतो. थेंबातलं द्रावण खळग्यातल्यापेक्षा पातळ असतं, म्हणून थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू खाली जातं. प्रथिन दाट होत जातं. दाटण्याचा वेग आणि आजूबाजूची रसायनं जमून आली, तर रेणू अस्ताव्यस्त साका होऊन बसण्याऐवजी रांगेत उभे राहतात.

कोणत्या द्रावणात हे जमेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीला जमेल तितकी वेगवेगळी द्रावणं चाचपून पाहतात. जॅनकारिक आणि किम यांनी १९९१ साली अशा पन्नास निवडक द्रावणांचा संच मांडला. आजही बहुतेक प्रयोगशाळा त्याच्याच वाढवलेल्या आवृत्त्या वापरतात. आता रोबो शंभर-दोनशे नॅनोलिटरचे थेंब टाकतो आणि थोड्याशा प्रथिनात शेकडो द्रावणं तपासून होतात. पण थेंब पाहायचं काम अजून डोळ्यांचंच. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा सरकवत जायचं. नितळ. नितळ. तपकिरी साका. तेलासारखे गोळे. नितळ. बारीक सुयांचा झुपका. तिथे थांबायचं, वहीत नोंद करायची. सुयांच्या द्रावणात पीएच थोडा इकडे, पीईजी थोडं तिकडे करत नव्या प्लेट लावायच्या, सुया जाड व्हाव्यात म्हणून.

परवा आमच्या गटातली नवी मुलगी धावत आली. "ताई, क्रिस्टल! केवढा मोठा आहे बघा ना." थेंबात खरंच एक लखलखीत, धारदार कडांचा तुकडा होता. पोलरायझर फिरवला तर रंगांनी झळाळत होता. मी तिला विचारलं, "बफर कुठला आहे?"

"फॉस्फेट."

"आणि प्रथिनाबरोबर जस्त घातलं होतंस ना?"

ती क्षणभर गप्प झाली. मग मी तिच्या हातात सुई दिली. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणी असतं. सुईनं टोचलं तर तो मऊपणे चुरतो. मिठाचा स्फटिक टणक असतो, सुईखाली कडकन तडकतो आणि ते हाताला जाणवतं. तिनं टोचलं, आणि तुकडा तडकला. जस्त आणि फॉस्फेट एकत्र आले की त्यांचंच मीठ स्फटिक होऊन बसतं. "आता फॉस्फेटऐवजी दुसरा बफर घे, बाकी सगळं तेच," मी म्हटलं. तिनं लगेच नवी प्लेट लावायला घेतली. जस्तावर चालणाऱ्या एन्झाइमबरोबर काम करायचं तर हे एकदा हाताला कळावं लागतं.

स्फटिकातलं हे पाणी फार मोलाचं. १९३४ साली जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या डोरोथी हॉजकिन) यांनी पेप्सिनच्या स्फटिकाचं चित्र घेतलं, तेव्हा त्यांना हेच उमगलं. वाळलेल्या स्फटिकातून काही मिळत नव्हतं. त्याच्या मूळ द्रावणात ओला ठेवला तेव्हा क्ष-किरणांचे स्पष्ट ठिपके उमटले. वाळला की रेणूंच्या रांगा कोसळतात. म्हणून आम्ही स्फटिक उचलतो तोही थेंबासकट. पापणीच्या केसाहून बारीक नायलॉनचा फासा सुईच्या टोकाला लावलेला असतो. तो थेंबात बुडवून स्फटिकाखाली न्यायचा आणि अलगद वर उचलायचा. हात मनगटापासून टेबलाला टेकवलेला, श्वास रोखलेला. फाशात पाण्याचा पातळ पडदा आणि त्यात स्फटिक. तो ग्लिसरॉल मिसळलेल्या द्रावणातून काढायचा, म्हणजे गोठताना बर्फाचे कण होणार नाहीत, आणि तत्क्षणी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. रेंगाळलं की स्फटिक वाळतो, पडदा फुटतो किंवा कडा विरघळतात. इतके आठवडे वाढलेली वस्तू या काही सेकंदांत हाती लागते किंवा जाते.

गोठवलेले स्फटिक ड्यूअरमध्ये भरून आम्ही इंदूरला नेतो. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेनं फिरत असतात. चुंबकांनी वळवले जाताना ते क्ष-किरण फेकतात आणि ते कड्याच्या बाहेर काढलेल्या बीमलाइनींमध्ये येतात. त्यातली प्रथिनांच्या स्फटिकांसाठीची बीमलाइन भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेली. खोलीत जाऊन स्फटिक थंड नायट्रोजनच्या झोतात बसवायचा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मधोमध आणायचा, बाहेर येऊन जाड दार लावायचं. मग स्फटिक थोडा थोडा फिरवत एकेक चित्र घ्यायचं. पडद्यावर काळ्या ठिपक्यांची वर्तुळाकार मांडणी उमटत जाते. पहिल्या चित्रात नजर जाते ती कडेकडे: ठिपके जितके बाहेरपर्यंत, तितका तपशील बारीक. स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली कितीही देखणा दिसला असला, तरी तो आतून नीट आहे की नाही, हे हे ठिपकेच सांगतात.

ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण लहरी एकमेकींच्या मागे-पुढे किती होत्या, हे चित्रात हरवतं. आणि त्याशिवाय नकाशा काढता येत नाही. इथे आमच्या एन्झाइममधलं जस्त कामी येतं. जस्ताचा अणू १.२८ अँगस्ट्रॉमजवळच्या तरंगलांबीवर क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतो. त्या तरंगलांबीच्या दोन्ही बाजूंना चित्रं घेतली, तर ठिपक्यांत बारीक फरक पडतात आणि त्या फरकांतून जस्ताची जागा उघड होते. एकदा ती जागा कळली, की तिच्या आधारानं बाकीचं गणित सोडवायला सुरुवात करता येते. एन्झाइमचं जे काळीज, तेच त्याच्या नकाशाचं पहिलं बोट धरतं. आता २०२१ पासून अल्फाफोल्डसारख्या प्रणालींनी भाकीत केलेला सांगाडाही सुरुवातीला वापरता येतो आणि आम्ही तो वापरतोही. पण अमुक ठिकाणी जस्त आहे, त्याला कोण धरून बसलंय, हे मोजून पाहिल्याशिवाय आम्ही लिहीत नाही.

नकाशा संगणकावर निळ्या जाळीसारखा दिसतो. इलेक्ट्रॉन जिथे दाट, तिथे जाळी. त्यात अमिनो आम्लांची साखळी बसवत जायची. ट्रिप्टोफॅन त्याच्या दोन जोडलेल्या कड्यांमुळे लगेच ओळखू येतो, ग्लायसीनला बाजूची शाखाच नसते. साखळीचे कोन शक्य आहेत की नाहीत, हे तपासायला जगभर रामचंद्रन आलेख वापरतात, मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेली प्रथिनाची नवी रचना त्या आलेखाच्या कसोटीवर घासून घेतली जाते. नकाशात जिथे आपण चुकीचं बसवलं, तिथे लाल ठिगळ. जिथे काही बसवायचं राहिलं, तिथे हिरवं. सगळी ठिगळं नाहीशी होईपर्यंत हे काम चालतं.

आणि मग तो अडसर दिसतो. २०१२ साली बार्टोनेला हेन्सेली या जिवाणूच्या अ‍ॅमी-बीची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा तो पहिल्यांदा जगासमोर आला. अमिडेजमध्ये जस्त बसलेलं असतं ती जागा म्हणजे एक खोबण. भिंतीची शेपटी त्यातच येऊन बसायला हवी. पण त्या खोबणीवर प्रथिनाच्या स्वतःच्याच साखळीचं एक पीळदार वळण येऊन आडवं बसलेलं आहे. त्यातलं एक ग्लुटामेट थेट जस्ताला धरून आहे. पडद्यावर रेणू फिरवत त्या खोबणीपाशी आलं की दिसतं, भिंत आत शिरायला जागाच नाही. नितळ नळीचं कारण डोळ्यांसमोर येतं. पातं पूर्ण तयार आहे, जस्त जागेवर आहे, आणि तरीही एन्झाइम स्वतःच स्वतःला अडवून बसला आहे.

अडसर काढतो एन्व्ह-सी. त्याची घडण भिंत कापणाऱ्या दुसऱ्या एका घराण्यातल्या एन्झाइमांसारखी आहे, पण त्यात जस्त धरणारी अमिनो आम्लंच उरलेली नाहीत. घराणं कापणाऱ्यांचं, पण हा स्वतः कापत नाही. तो अमिडेजच्या साखळीचा एक भाग धरून बाजूला ओढतो आणि खोबण मोकळी होते. आणि एन्व्ह-सी तरी मोकाट असतो का? २०२० साली त्याची पूर्ण रचना समोर आली तेव्हा कळलं, त्याच्यातही एक आवरणारा बाहू आहे. अमिडेजला पकडायची जागा तो स्वतःच झाकून ठेवतो. तो बाहू हलवायचा तर पटलातल्या एफटीएस-ई आणि एफटीएस-एक्स या जोडीनं ऊर्जा खर्चून त्याला बाहेरून हलवावं लागतं. ही जोडी पेशी जिथे दुभंगत असते तिथेच, मध्यभागी जमते. म्हणजे एका कापासाठी तीन आवर: जोडी जागेवर आली तर एन्व्ह-सी मोकळा, एन्व्ह-सी मोकळा झाला तर अमिडेज मोकळा, आणि अमिडेज मोकळा झाला तरच काप. तोही नेमक्या त्या रेषेवर, नेमक्या त्या वेळी.

सगळ्या कापणाऱ्यांना आवरायची रीत एकसारखी नाही. साखरेचे धागे तोडणाऱ्या एसएलटी-७० या ई. कोलायच्या एन्झाइमची रचना १९९४ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये उलगडली. त्याची साखळी पीळ घेत घेत मध्ये मोकळी जागा असलेलं एक कडं तयार करते आणि कापणारा भाग त्या कड्यावर बसतो. कापणारा भाग लहान, कडं मोठं. धागा पकडण्याचं आणि रोखण्याचं काम त्या मोठ्या भागाकडे आहे, असं ही रचना पाहताना वाटतं. रेड्डी यांच्या गटाला आणखी एक रीत दिसली. दुवे तोडणारा मेप-एस हा एन्झाइम पेशी जोमानं वाढत असताना काही मिनिटांतच नष्ट केला जातो. त्याच्यावर कुठलाही अडसर बसवलेला नाही. त्याला फार काळ जगूच दिलं जात नाही.

हे आवर सुटले तर काय होतं, याचा अनुभव आपण सगळ्यांनी औषध म्हणून घेतला आहे. पेनिसिलिन भिंत कापत नाही. ते भिंत जोडणाऱ्या एन्झाइमांना बंद पाडतं. जोडणं थांबतं, कापणं मात्र चालू राहतं आणि पेशी फुटते. यातला कापणाऱ्यांचा वाटा १९७० साली अलेक्झांडर टोमाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसवर दाखवला. ज्या न्यूमोकॉकसमध्ये भिंत कापणारा एन्झाइम निकामी होता, तो पेनिसिलिनमध्ये फुटला नाही; वाढ थांबवून तसाच राहिला. एसएलटी-७० ची दुसरी बाजू २०१४ साली पुढे आली. जोडणी बिघडल्यावर भिंतीत जे सुटे, निरुपयोगी धागे बनत राहतात, ते तो साफ करत राहतो. पेशी बनवते, तो कापतो, पुन्हा बनवते, पुन्हा कापतो आणि या निष्फळ फेऱ्यात पेशीची शक्ती संपत जाते. पिंपरीत १९५० च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं; त्या औषधानं वाचलेल्या माणसांचे प्राण वाचण्यामागे जिवाणूचे स्वतःचेच कापणारे एन्झाइमही होते.

आता पेनिसिलिन आणि त्याच्या भावंडांना न जुमानणारे जिवाणू रुग्णालयांतून वाढत चालले आहेत. जोडणाऱ्यांना रोखणाऱ्या औषधांवर आपण गेली ऐंशी वर्षं विसंबलो. कापणाऱ्यांना हात घालायचा तर दोन वाटा दिसतात. एक, त्यांना बंद पाडणं, म्हणजे जिवाणूला वाढता येऊ नये किंवा वेगळं होता येऊ नये. दुसरी, त्यांचे अडसर अवेळी काढून टाकणं, म्हणजे जिवाणूनं स्वतःचीच भिंत चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी कापावी. दुसऱ्या वाटेसाठी पात्याची माहिती पुरत नाही; अडसर कुठे बसतो, कशानं धरलेला असतो, कुठे ओढला तर सुटतो, याची अणूंपर्यंतची माहिती लागते. जस्ताला धरून बसलेलं ते एक ग्लुटामेट म्हणूनच महत्त्वाचं आहे. असं औषध बनेल की नाही, हे मला आज सांगता येणार नाही. पण ते बनवू पाहणाऱ्याला हा नकाशा हातात असल्याशिवाय एक पाऊलही टाकता येणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून थेंब लावायचे, स्फटिक उचलायचे, नकाशातली हिरवी-लाल ठिगळं संपेपर्यंत बसायचं. औषधाची वाट याच कामातून जाते.